नवं सॉफ्टवेअर आणि टीममधले दोन तट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची अकरा जणांची टीम ग्राहकांच्या तक्रारी हाताळते. सगळी नोंद एका सामायिक एक्सेल शीटमध्ये असते. वरून टिकेटिंगचं सॉफ्टवेअर (प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन ती कोणाकडे आहे ते दाखवणारं) घ्यायचा विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. तीन मीटिंगा झाल्या. मुद्दे तेच, आवाज मात्र चढत गेला. मतदान घेऊन विषय संपवावा का?

उत्तर: मतदानाने विषय संपत नाही. सहा विरुद्ध पाच असा कौल लागला, तर ते पाच जण नोंदी अर्धवट भरतील. अर्धवट नोंद ही नोंदच नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर विसंबून कोणीतरी ग्राहकाला चुकीचं उत्तर देऊन मोकळा होतो.

आधी एक साधा तक्ता करा. डावीकडे अकरा नावं, पुढे दोन रकाने: या माणसाचं कोणतं काम वाढेल आणि कोणतं कमी होईल. बहुतेक वेळा भांडणाचं मूळ इथेच सापडतं. जोनाथन ग्रुडिन या संशोधकाने १९८८ साली सामूहिक वापराची सॉफ्टवेअर का फसतात याचा अभ्यास मांडला, तेव्हा त्याने सामायिक कॅलेंडरचं उदाहरण दिलं होतं: कॅलेंडर भरायचं सगळ्यांनी आणि बैठका ठरवायची सोय व्हायची साहेबांची. तुमच्याकडेही फोन घेणाऱ्याला प्रत्येक तक्रारीमागे चार-पाच जादा रकाने भरावे लागणार असतील आणि त्यातून निघणारा अहवाल दुसराच कोणी वापरणार असेल, तर त्याच्या विरोधाला ‘बदलाची भीती’ म्हणू नका. त्याचा हिशेब बरोबर आहे. अशा वेळी सक्तीचे रकाने दोनवर आणा, बाकीचे ऐच्छिक ठेवा. निम्मा विरोध तिथेच मावळेल.

मग चाचणी, पण नवीन काही सुरू करण्याआधी दोन आठवडे सध्याची पद्धत मोजा. तक्रार आल्यापासून पहिलं उत्तर जायला किती वेळ लागला, एकच तक्रार दोघांनी उचलली असं किती वेळा झालं, कोणीच न उचललेल्या तक्रारी किती, एवढे तीन आकडे पुरेत. वेळेची सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे सगळे वेळ चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला घ्या. तीन आठवडे रखडलेली एकच तक्रार सरासरीचा विचका करते आणि मग त्या आकड्यावरून नवा वाद.

चाचणी चार आठवड्यांची, तीन जणांची. त्या तिघांत सगळ्यात मुद्देसूद विरोध करणारा माणूस हवाच. उत्साही मंडळी अडचण आली की वळसा घालून पुढे जातात. तो ती लिहून ठेवेल. विक्रेत्याच्या डेमोतल्या गुळगुळीत तक्रारींवर काही कळत नाही. रोजच्या नव्या तक्रारींबरोबर स्वतःच्या शीटमधल्या तीस जुन्या तक्रारीही नव्या प्रणालीतून चालवून पाहा. त्यातल्या दहा मुद्दाम किचकट निवडा: बंद करून पुन्हा उघडलेली, दोन विभागांमध्ये लोंबकळलेली, एकाच ग्राहकाने ईमेल आणि फोन दोन्हीकडे केलेली. पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका, त्यात शिकण्याचा वेळ मिसळलेला असतो.

चाचणीआधी दोन्ही तटांना एकच प्रश्न लेखी विचारा: कोणता आकडा दिसला तर तुमचं मत बदलेल? ‘कोणताच नाही’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाची हरकत सॉफ्टवेअरला नाही. आपलं काम मोजलं जाईल किंवा आपली गरज उरणार नाही ही धास्ती असू शकते, आणि तिला चाचणीने उत्तर मिळत नाही. तिथे वरिष्ठांनी स्पष्ट सांगायला हवं की हे आकडे कामगिरीच्या मूल्यमापनात धरले जातील की नाही. सांगितलं ते पाळायलाही हवं. अंतिम निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेला, हेही त्याच कागदावर लिहा.

प्रश्न: निर्णय झाला, प्रणाली सुरू झाली, तरी एक ज्येष्ठ सहकारी स्वतःची शीट वेगळी चालवतात. समजावून थकलो.

उत्तर: समजावणं थांबवा आणि अर्धा तास त्यांच्याशेजारी बसून ती शीट बघा. ‘शेरा’ रकान्यात ‘दुपारी २ नंतरच फोन’, ‘बिल मुलाच्या नावावर’ असं काही सापडेल. पिवळे घर म्हणजे ‘पैसे परत द्यायचे कबूल केले’, केशरी म्हणजे ‘वरिष्ठांकडे पाठवलं’, अशी त्यांची खुणांची भाषा असेल. डेटा सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमधून) नव्या प्रणालीत नेला असेल, तर ते रंग आणि घरांना जोडलेल्या टिपा वाटेतच गळाल्या, कारण सीएसव्हीमध्ये फक्त मजकूर जातो. म्हणजे नव्या प्रणालीत त्यांची निम्मी माहिती खरोखरच नाही! प्रत्येक रंगासाठी शीटमध्ये एक रकाना वाढवा, त्यात शब्दांत अर्थ लिहा आणि मग पुन्हा आयात करा. त्याच वेळी फोन नंबरांचे सुरुवातीचे शून्य उडालेत का आणि ०३/०४ अशा तारखांत दिवस-महिना उलटलाय का, तेही तपासा. अशी एक उलटी तारीख सापडली की ज्येष्ठांचा संशय पक्का होतो, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही.

दोन्ही पद्धती समांतर चालवायच्या तर जास्तीत जास्त तीन आठवडे. पुढे दुहेरी नोंदीचा कंटाळा येतो आणि लोक सवयीचीच जागा भरतात. ठरल्या दिवशी जुनी शीट फक्त वाचण्यापुरती ठेवा. पुसू नका, ती बघायला मिळते एवढ्यानेही बरीच धास्ती कमी होते.

प्रश्न: मीटिंगचं टिपण एआयने घ्यावं असं बहुतेकांना वाटतं. दोघांना रेकॉर्डिंग नको आहे. बहुमताने ठरवावं का?

उत्तर: नाही. स्वतःचा आवाज साठवू द्यायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. ते दोघे हजर असतील तेव्हा टिपण हाताने घ्या, पाळीपाळीने. बाकीच्या मीटिंगांसाठीही आधी चार गोष्टी लेखी मिळवा: रेकॉर्डिंग कुठे साठतं, किती दिवसांनी पुसलं जातं, कोणाला दिसतं आणि ते एआय शिकवायला वापरलं जातं का. टिपण पाठवण्याआधी एकाने नावं, आकडे आणि ‘नाही’ असलेली वाक्यं मूळ बोलण्याशी ताडून पाहावीत. ‘करणार नाही’चं ‘करणार’ झालेलं नुसतं वाचून लक्षात येत नाही.