जुन्या ‘मसल’ पहिलवानांमधील दुर्मीळ रंग कसे ओळखावेत?

तुमच्या मामांनी अमेरिकेहून आणलेल्या डब्यात बोटभर उंचीचे साठेक खेळण्यातले पहिलवान निघाले, त्यांतील बहुतेक फिकट गुलाबी आणि सात निळे-जांभळे आहेत, तर हे सात दुर्मीळ समजावेत का आणि बाकीचे रंग जमवण्याच्या मागे लागावे का, असा तुमचा प्रश्न आहे. सोबतच्या छायाचित्रावरून ही मॅटेल कंपनीची ‘मसल’ मालिका वाटते. न्यू जर्सीत आल्यापासून गेली अकरा वर्षे मी याच पहिलवानांच्या नादी लागलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

हे पहिलवान मुळात जपानी आहेत. ‘युदेतामागो’ या टोपणनावाने काम करणाऱ्या दोघांची ‘किन्निकुमान’ ही चित्रकथा 1979 पासून एका जपानी साप्ताहिकात येत असे, आणि तिच्यातील पात्रांची छोटी रबरी खेळणी बंदाई कंपनीने नाणे टाकल्यावर खेळणे असलेली चेंडूसारखी डबी बाहेर पडते अशा यंत्रांतून विकली. जपानीत खोडरबराला ‘केशिगोमु’ म्हणतात. त्यावरून या खेळण्यांना ‘किनकेशी’ हे नाव पडले. त्यांचे 418 नमुने निघाले आणि ते अनेक रंगांत मिळत. मॅटेलने 1985 मध्ये त्यांतील सव्वादोनशेहून अधिक नमुने अमेरिकेत आणले, तेव्हा मात्र सगळे त्वचेच्या गुलाबी रंगात होते. चारांचे पुठ्ठ्यावरचे पाकीट, कचऱ्याच्या डब्यासारख्या दिसणाऱ्या डबीत दहा आणि मोठ्या खोक्यात 28, अशी विक्री होत असे. पुढच्या वर्षी गडद निळा, फिकट निळा, लाल, जांभळा, हिरवा, नारिंगी, किरमिजी असे रंग आले आणि 1988 मध्ये अमेरिकेतील विक्री थांबली. थोडक्यात, गुलाबी पहिलवान पोत्याने सापडतात आणि रंगीत त्या मानाने कमी. तुमचे सात वेगळे काढून ठेवण्याजोगे आहेत ते एवढ्याच अर्थाने.

नवखा संग्राहक येथेच फसतो, कारण तो ‘दुर्मीळ रंग’ शोधत बसतो. प्रत्येक नमुना प्रत्येक रंगात निघालेला नाही, म्हणून शोधायची असते ती विशिष्ट पहिलवान आणि विशिष्ट रंग यांची जोडी. एखादा रंग एकंदरीत सहज मिळत असला, तरी त्या रंगातला एखादा पहिलवान वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही, आणि उलटही घडते. मी वहीत उभ्या रकान्यांत रंग आणि आडव्या ओळींत पहिलवान असा तक्ता मांडला आहे. त्यातील काही घरे कायम रिकामीच राहणार आहेत, हे समजायला मला दोन वर्षे लागली.

रंगाच्या नावावर तर मुळीच विसंबू नका. जांभळा आणि द्राक्षी, किरमिजी आणि तांबूस गुलाबी या जोड्या मोबाइलच्या छायाचित्रात एकसारख्या दिसतात. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर, ज्याचा रंग निश्चित माहीत आहे अशा पहिलवानाच्या शेजारी ठेवूनच निवाडा करावा. पाठीवरची वाय, एस, एन, टी ही बारीक अक्षरे पाहून हुरळून जाऊ नये. ती जपानी मालावरही असतात. बोटांनी दाबून पाहणे अधिक उपयोगी ठरते, कारण जपानी खेळणे मऊ आणि लवचिक असते, तर अमेरिकी कडक. निळा किनकेशी ‘मसल’ म्हणून खपवण्याचे प्रकार सर्रास चालतात.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे रंगवलेला माल. तिसऱ्या वर्षी एका विक्रेत्याकडून मी गडद निळा म्हणून शिंगांचा एक पहिलवान घेतला आणि त्यासाठी त्या महिन्याचा सगळा हातखर्च मोजला. घरी आल्यावर भिंगातून पाहिले, तर साच्याच्या जोडावरची बारीक कड जिथे घासली होती तिथे गुलाबी डोकावत होते. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस पहिलवानाच्या तळपायावर फिरवला, तर तोही निळा झाला. कारखान्यात रंग प्लास्टिकमध्येच मिसळून साच्यात घालतात, त्यामुळे अस्सल नमुना आतूनही त्याच रंगाचा असतो. गुलाबी पहिलवान गरम पाण्यातल्या कृत्रिम रंगात बुडवून निळा करता येतो, पण गडद पहिलवान फिकट करणे तितके सोपे नाही. म्हणून संशय घ्यायचा तो गडद रंगांवरच. (तो शिंगवाला अजून माझ्या टेबलावर आहे. पाहुण्यांना तोच सर्वांत आवडतो.)

तुम्ही ठाण्यात राहता, तेव्हा एक काम आजच करा: ते सात रंगीत पहिलवान गुलाबी पहिलवानांपासून वेगळे ठेवा. हे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य कालांतराने पाझरते, उकाड्यात पृष्ठभाग चिकट होतो आणि गडद रंग शेजारच्या फिकट खेळण्यावर उतरतो. तो डाग सहसा निघत नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी धुऊन, पूर्ण वाळवून, प्रत्येकाला पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत घाला आणि उन्हापासून दूर ठेवा.

बाकीच्या रंगांच्या मागे लागण्याबद्दल माझे मत असे की आधी साठही जणांची ओळख पटवावी, कारण गुलाबीतलेही काही नमुने सहज मिळत नाहीत. सातांची समोरून आणि पाठीमागून, पांढऱ्या कागदावर, फ्लॅश न वापरता छायाचित्रे टाकलीत, तर माझ्या तक्त्याशी ताडून कोणती जोडी नेहमीची आणि कोणती नाही ते सांगेन.