कुंडीसाठी टोमॅटोचे वाण कसे निवडावे?

प्रश्न : बाल्कनीतील कुंडीत लावलेला टोमॅटो सात फूट वाढून कुंडीसह कलंडला, फळे मात्र मोजकीच आली. अंगणात एक लहान वाफाही आहे. कोणते वाण लावावे?

उत्तर : चूक निगराणीपेक्षा निवडीची दिसते. आपण बहुधा सतत वाढणारे वाण लावले असावे. त्याचा शेंडा थांबत नाही आणि कुंडीतली मुळे त्या पसाऱ्याला पुरी पडत नाहीत. कुंडीसाठी मर्यादित वाढीचे, म्हणजे शेंड्यावर फुलांचा घोस येताच वाढ थांबणारे झुडुपवजा वाण घ्यावे. ‘टायनी टिम’ हे चेरी टोमॅटोचे वाण जेमतेम दीड फूट उंच होते आणि लहान कुंडीतही फळते. ‘रोमा’ या लांबट फळांच्या वाणाला मात्र वीसेक लिटरची कुंडी द्यावी. अशा झाडांचे बगलफुटवे, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे, खुडू नयेत, कारण बरीचशी फळे त्यांच्यावर धरतात. ही खुडण्याची हौस अनेकांना नडते. वाफ्यात सतत वाढणारे एखादे चेरी वाण काठीच्या आधाराने उभे चढवल्यास जागा वाचते. ऊन सहा तासांहून कमी असेल, तर मोठ्या फळांचा मोह टाळावा.