शाळेत गुणी, घरी आदळआपट: हा हट्ट आहे का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, शाळेत बाई म्हणतात, हिचा काडीचा त्रास नाही. आणि घरी आली की दप्तर फेकते, किंचाळते, चाळीस मिनिटं रडते. सासूबाई म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलीय." समुपदेशनाला आलेल्या, सांगलीतल्या विश्रामबागच्या एका आईची ही तक्रार. मुलगी चौथीत.

घरच्यांनी आधी एक उपाय करून पाहिला होता. रडली नाही त्या दिवशी एक स्टार, पाच स्टारला बक्षीस. आठवडाभर ती संध्याकाळी गप्प राहिली आणि रात्री नऊला, वेणी सोडताना, फुटली. रडणं कमी झालं नव्हतं, फक्त पुढे ढकललं गेलं होतं.

हट्ट ओळखायची साधी खूण म्हणजे हवी ती वस्तू मिळाली की तो थांबतो. मूल मधेच कोण बघतंय तेही पाहून घेतं. इथे टीव्ही लावला, चॉकलेट दिलं, तरी रडणं थांबत नव्हतं, आणि शेवटी मुलगी गळून झोपत होती. याला मेल्टडाउन म्हणतात. आवाज, वास, स्पर्श, माणसं यांचा भार पेलेनासा झाला की तो होतो. त्या वेळी "तीनपर्यंत मोजतो" ही धमकी आणि "कोणी मारलं का गं?" ही आजीची माया, दोन्ही मुलीसाठी सारखीच: आणखी आवाज.

आईला 14 दिवस वही लिहायला सांगितलं. वेळ, आधीचे दोन तास, डब्यात किती उरलं, कशाने शांत झाली. 14 पैकी 9 दिवस उद्रेक. त्यातले 7 डबा जवळजवळ भरलेला परत आला त्या दिवशीचे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या भाज्यांचे वास एकत्र येतात, ते तिला सहन होत नव्हते. वर व्हॅनमध्ये अकरा मुलं आणि गाणी. म्हणजे घरी पोचेपर्यंत पोट रिकामं आणि कान भरलेले.

बाईंचंही खरंच होतं. वर्गात ती गुणीच दिसते, कारण शेजारणीकडे बघून बघून वागते. बाकीच्या हसल्या की क्षणभर उशिरा हसते. एकदा बाई वर्गाला म्हणाल्या, "तोंड बंद!" तर हिने लघवीला जायचंसुद्धा विचारलं नाही. शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच घेतला. ही सगळी स्वमग्नतेची (ऑटिझमची) चिन्हं असू शकतात. मुलींमध्ये ती अनेकदा अशी झाकली जाते. त्यांच्या आवडीही चारचौघींसारख्या वाटतात. हिला मांजरं आवडतात. फक्त जाती, रंग, डोळे असं सगळं तोंडपाठ.

निदान समुपदेशकाने करायचं नसतं. आधी श्रवणचाचणी, मग बालरोगतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. स्वमग्नता किती आहे हे मोजायला आपल्याकडे 'इसा' (ISAA) ही भारतीय मोजपट्टी वापरतात: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. एकूण 70 ते 106 म्हणजे सौम्य स्वमग्नता. झाकून वागणाऱ्या मुलीचे गुण कमी येऊ शकतात, म्हणून आईने वही सोबत न्यावी. स्वमग्नता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे, त्यामुळे पुढे प्रमाणपत्र काढता येतं. पण घरातले बदल निदानाची वाट बघत थांबवू नयेत.

बदल साधे होते. व्हॅन बंद, बाबांची स्कूटर. डब्यात रोज तेच: तूप-साखरेची पोळी. ("सगळं खायला शिकू दे" हा आग्रह सुट्टीपुरता ठेवा, शाळेच्या दिवशी नको.) घरी आल्यावर गणवेश बदलायचा, कारण शिवणी टोचतात. मग 30 मिनिटं जिन्याखालचा कोपरा, दिवा बंद, जाड गोधडी. प्रश्न एकही नाही. कुरवाळणं टाळा, हलका हात काहींना घट्ट मिठीपेक्षा जास्त टोचतो. अभ्यास तासाभराने. काही सांगायचं तर एक छोटं वाक्य, आणि मग मनात दहा मोजा. उत्तर यायच्या आत तेच परत सांगितलं की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सहा आठवड्यांनी उद्रेक आठवड्याला एक-दोनवर आले. गणपतीत ढोल-ताशांमुळे पुन्हा वाढले. कानांवर बसणारे मफ घेतले, मिरवणुकीच्या दिवशी मुलगी मामाकडे.

आजींना ही सगळी थेरं वाटतात, अजूनही. पण संध्याकाळी जिन्याखाली भडंगाची वाटी त्याच ठेवतात, कांदा न घालता, आणि न बोलता निघून जातात.