एकट्याने फेसबुक-व्हॉट्सॲप सोडून काही होतं का?

तुम्ही विचारलंय की मोठ्या टेक कंपन्यांचा कारभार पटत नाही म्हणून फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं सोडलं, तर त्याला शांततेचा नागरी निषेध म्हणता येईल का, की ते नुसतं आपल्या मनाचं समाधान? आणि घरचे म्हणतात, "तू एकटा गेलास म्हणून झुकरबर्गच्या घरची चूल विझणार आहे का?"

विझणार नाही. घरच्यांचं तेवढं बरोबर आहे. मी स्वतः एकदा सोडून परत आलोय आणि दुसऱ्यांदा अर्धंमुर्धं सोडून टिकलोय. पहिल्यांदा काय चुकलं ते आधी सांगतो.

डोंबिवलीत माझं आयकर-जीएसटीचं छोटं ऑफिस आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपची ती नव्या अटींची सूचना सगळ्यांच्या फोनवर आली: ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर ॲप वापरता येणार नाही. इलॉन मस्कने ७ तारखेला "सिग्नल वापरा" एवढंच ट्विट केलं आणि सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर अशी झुंबड उडाली की नोंदणीचे कोड यायला उशीर व्हायला लागला. १५ तारखेला तर त्यांची यंत्रणाच बसली. इकडे व्हॉट्सॲपने आपल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर जाहिराती देऊन खुलासे केले, मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. त्या गदारोळात एका रविवारी सकाळी चहा पिता पिता मी खातं डिलीट केलं. कुणाला काही सांगितलं नाही. केवढं शौर्य गाजवलं असं वाटत होतं.

दुपारी सासूबाईंचा बायकोला फोन. "जावई रुसलेत का गं? ग्रुप सोडून गेले ते." संध्याकाळपर्यंत दोन क्लायंटना वाटलं की मी त्यांना ब्लॉक केलंय. त्यातल्या एकाने फी थकवली होती, त्याची तर खात्रीच पटली. मग मार्चएंड आला आणि मी मुकाट्याने परत. एकूण अडीच महिने.

सासूबाईंचा तो शब्द मात्र डोक्यात राहिला. न सांगता उठून गेलेला माणूस रुसलेलाच दिसतो, मग त्याच्या मनात कितीही थोर विचार असोत. कंपनीला माझं जाणं कळलं नाही, कारण कोट्यवधी खात्यांत एक खातं रोज कुणाचं ना कुणाचं बंद होतंच. आणि मागे राहिलेल्यांना कळलं ते भलतंच. निषेध म्हणायचा तर तो कशाचा आहे, काय बदललं तर मी परत येईन, हे कुणाच्या तरी कानावर जायला हवं. माझ्या सोडण्यात यातलं काहीच नव्हतं.

हे झालेलं उदाहरण बघा. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या प्रवासबंदीविरुद्ध न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांनी केनेडी विमानतळावर संध्याकाळी तासभर भाडी घेणं बंद केलं. त्यानंतर थोड्याच वेळात उबरने तिथले वाढीव दर बंद केल्याचं जाहीर केलं. लोकांना तो संप फोडायचा डाव वाटला. वर उबरचे प्रमुख ट्रॅव्हिस कॅलानिक ट्रम्प यांच्या सल्लागार मंडळात होते. 'डिलीट उबर'ची लाट आली, लोक खातं बंद केल्याचे स्क्रीनशॉट टाकू लागले, आणि आठवडा उलटायच्या आत कॅलानिक त्या मंडळातून बाहेर पडले. २०१९ साली शेअर विक्रीला काढताना कंपनीने स्वतःच कागदावर लिहून दिलं की त्या काही दिवसांत लाखो ग्राहकांनी ॲप वापरणं सोडलं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात असं वाक्य येणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

ते का जमलं? मागणी एका वाक्यात सांगता येत होती. शेजारीच लिफ्ट नावाची दुसरी टॅक्सी-सेवा उभी होती. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: उबरमध्ये तुमची मावशी नसते. ते ॲप काढलं तर फार तर दुसरी टॅक्सी बोलवावी लागते. व्हॉट्सॲप काढलं तर मावशी, शाळेचा वर्ग, सोसायटीचा पाण्याचा टँकर आणि अर्धी गिऱ्हाइकं जातात. त्या कंपनीची ताकद ॲपमध्ये थोडीच आहे, ती तुमच्या नातेवाइकांत आहे.

आपल्याकडेही एकदा मोठ्या संख्येने लोक उठून गेले होते. २०१९ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं. कारण होतं एक प्रसिद्ध छायाचित्र: १९३६ साली हँबर्गच्या गोदीत सगळी गर्दी नाझी सलामीला हात पुढे करून उभी आणि एकच माणूस हाताची घडी घालून. खातं परत मिळालं, पुन्हा गेलं. त्या रागात नोव्हेंबरमध्ये कितीतरी भारतीय वापरकर्ते ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवर गेले. मॅस्टोडॉनला एक मालक नाही. वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, ईमेलसारखे. कल्पना मला फार आवडते. पण बरेचसे लोक महिन्याभरात ट्विटरवर परत. हॉल रिकामा असला की भाषण करायला कुणाला आवडतं?

याउलट २०१५-१६ ची गोष्ट. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आधी 'इंटरनेट डॉट ऑर्ग' आणि मग 'फ्री बेसिक्स' आणलं: ठरावीक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. एअरटेलचीही तशीच 'झीरो' योजना आली होती. लोकांनी काय केलं, तर फ्लिपकार्ट एअरटेलच्या योजनेत जाणार म्हटल्यावर त्यांच्या ॲपला धडाधड एक-एक स्टार दिले. एप्रिल २०१५ मध्ये फ्लिपकार्ट मागे हटलं. त्याच महिन्यात क्लिअरट्रिप इंटरनेट डॉट ऑर्गमधून बाहेर पडलं. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, त्यात एक माझाही. फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या, होर्डिंगं लावली. तरी ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे भेदभावाचे डेटादर बंद केले. यात गंमत अशी की त्या दहा लाखांतल्या बहुतेकांचं फेसबुक खातं तेव्हाही चालूच असणार. माझं तरी होतं. सोडणं हे एकच हत्यार नाही, आणि कधीकधी ते सगळ्यात धारदारही नसतं.

२०२१ च्या अटींचंही पुढे काय झालं ते फार कुणाला माहीत नसतं. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतःहून चौकशी लावली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटींचा दंड केला. आक्षेप मुख्यतः हाच की 'मान्य करा नाहीतर चालते व्हा' याला संमती म्हणत नाहीत. जाहिरातींसाठी व्हॉट्सॲपची माहिती इतर मेटा कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदीही घातली होती. २०२५ साली अपिलात ती उठली, दंड राहिला. ज्या कंपनीने २०१४ साली व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून घेतलं, तिला २१३ कोटी म्हणजे चहापाणी. पण मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने: जानेवारीत लोकांनी आरडाओरडा केला नसता, तर मार्चमध्ये कुणी ती फाईल उघडली असती का? मला नाही वाटत.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावर भयंकर अफवा चालतात. व्हॉट्सॲपवरचे आपले आपसातले संदेश कंपनी वाचत नाही. २०१६ पासून ते दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. कंपनीला दिसतं ते पाकीट: कोण कुणाशी, कधी, किती वेळा, कुठल्या फोनवरून. करसल्लागार म्हणून सांगतो, माणसाची पाकिटं मिळाली तर पत्रं उघडायची फारशी गरज पडत नाही.

दुसऱ्या वेळी मी सांगून सोडलं. एप्रिल २०२२ पासून ऑफिसच्या दारावर कागद लावला आणि तोच मजकूर सगळ्यांना पाठवला: पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेची स्टेटमेंटं ईमेलवर नाहीतर पेनड्राइव्हमध्ये द्या, व्हॉट्सॲपवर फक्त भेटीची वेळ. खाली तीन ओळींत कारण. दीडशेच्या आसपास क्लायंट आहेत. वर्षभरात निम्म्याहून जास्त वळले. चार-पाच सोडून गेले, त्यातले दोन जाणारच होते. पण प्रत्येक जण "का हो?" विचारायचा आणि त्या निमित्ताने पाच मिनिटं बोलणं व्हायचं. माझ्या दृष्टीने नागरी कृती म्हणजे ती पाच मिनिटं. फेसबुक मी पूर्ण बंद केलं, त्याआधी शेवटची पोस्ट आठवडाभर ठेवली: का जातोय, कुठे सापडेन.

तुम्ही सुरुवात व्हॉट्सॲपपासून करू नका. जिथे मावशी नाही तिथून करा: ब्राउझर, सर्च, नकाशे, फोटो साठवायची जागा. जाण्याआधी आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्या, सगळे मोठे देतात. फोनवरून ॲप काढलं म्हणजे खातं गेलं असं नाही; फेसबुक तर डिलीट केल्यावरही ३० दिवस वाट बघतं, तेवढ्यात लॉगिन करून नाही म्हणालात तर पहिल्यापासून. ग्रुपचे ॲडमिन असाल तर आधी दुसऱ्याच्या हाती द्या.

आणि मागे राहणाऱ्यांना प्रवचन देऊ नका, हे कळकळीने सांगतो. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या बायकांना कुठल्या घरी सुट्टी, कुठे जास्तीचं काम, हे सगळं त्याच एका ॲपवर कळतं. त्यांनी काय सोडायचं? बहिष्कार हा शब्द आपल्याकडे तसाही जपून वापरायचा शब्द आहे. जातपंचायतींनी तो माणसांवर इतका चालवला की २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. तुमचा बहिष्कार सेवेवर आहे, ती वापरणाऱ्या वहिनींवर नाही.

उलट मला आठवतो तो पैसा फंड. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती सगळ्यांना माहीत असते. पण अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा जमवत फिरत होते, टिळकांचा त्यांना पाठिंबा होता, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला हे कमी जणांना ठाऊक असतं. तिथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. होळीच्या ज्वाळा दिसतात, भट्टी दिसत नाही. म्हणून मी सिग्नलला, मॅस्टोडॉनच्या एका सर्व्हरला वर्षाला थोडे पैसे देतो. सिग्नलही अमेरिकीच आहे, पण ना-नफा संस्था चालवते. नुसत्या 'देशी' पाटीवर माझा भरवसा नाही. ट्विटरला देशी पर्याय म्हणून आलेलं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. २०२५ मध्ये सगळे अरट्टई या देशी मेसेजिंग ॲपवर धावले तेव्हा तिथल्या मजकुराला दोन्ही टोकांचं कुलूपही नव्हतं.

मागणी काय करायची, असं विचाराल तर माझी एकच आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपल्याला मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मेसेजिंगला तसं का नाही? युरोपच्या कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपला इतर ॲपसाठी दार उघडायला भाग पाडलंय. त्याच महिन्यात आपल्याकडे डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा येऊन लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मी दोन पानं पाठवली. खातं बंद करायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ गेला, एवढं खरं.

सासूबाईंचं राहिलं. आम्ही नातीचे फोटो फक्त सिग्नलवर टाकायला लागलो, तेव्हा त्यांनी महिनाभर कुरकुर करून ते घेतलं. मग त्यांच्या बहिणीला फोटो बघायचे होते, मग बहिणीच्या भिशीतल्या दोघींना. गेल्या मंगळवारपासून रोज सकाळी साडेसहाला माझ्या सिग्नलवर सुप्रभातचा गुलाब येतो.