एकच लेन्स घ्यायची असेल तर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सोनी अल्फा ६४०० या कॅमेऱ्यासोबत आलेली १६-५० मिलीमीटरची लेन्स बाजूला ठेवून घरचे समारंभ, पुण्यातले जुने वाडे, गडकिल्ल्यांवरची भटकंती आणि जवळच्या माणसांची छायाचित्रे या सगळ्यांना पुरेल अशी एकच लेन्स घ्यावी, असे तू लिहिले आहेस. तुझा कल १८-१३५ मिलीमीटरच्या लेन्सकडे आहे, हेही पत्रातून कळले. तो कल स्वाभाविक आहे, कारण दुकानात उभे राहिल्यावर दूरचे जवळ दिसणे लगेच नजरेत भरते. तरीही माझे मत असे आहे की तुझ्या कामांसाठी लेन्स किती दूरचे टिपते यापेक्षा ती किती प्रकाश आत घेते, याला तू अधिक वजन द्यावेस.

त्याचे कारण तुझ्याच छायाचित्रांत सापडेल. प्रत्येक फाइलच्या तपशिलात फोकल लेंग्थ (मिलीमीटरमधला आकडा; तो जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते), अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे लेन्समधले छिद्र), शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येतो ते) आणि आयएसओ (प्रकाशाविषयीची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र खरखरीत होते) यांची नोंद असते. गेल्या वर्षभरातली तुला मनापासून आवडलेली छायाचित्रे वेगळी काढ आणि त्यांच्या नोंदी पाहा. त्यानंतर जी फसली तीही पाहा. फसलेल्यांपैकी किती छायाचित्रे विषय लांब राहिल्यामुळे फसली आणि किती अंधारामुळे हलली किंवा खरखरीत झाली, हे शांतपणे मोजलेस, तर कोणत्याही परीक्षणापेक्षा ती मोजणी तुला अधिक उपयोगी पडेल. मला तू पाठवलेल्या बारशाच्या छायाचित्रांत पाळण्याभोवतीच्या बायकांचे हात धूसर झाले आहेत, आणि ती उणीव १३५ मिलीमीटरने भरून निघणारी नाही.

हिशेब असा आहे. एफपुढचा आकडा जितका लहान तितके अ‍ॅपर्चर मोठे. तुझ्या सध्याच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर ५० मिलीमीटरला जास्तीत जास्त एफ/५.६ इतकेच उघडते, आणि १८-१३५चेही लांबच्या टोकाला तेवढेच उघडते. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांत दोन स्टॉपचे, म्हणजे चौपट प्रकाशाचे अंतर आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात एफ/२.८ला १/१२५ सेकंद आणि आयएसओ ३२०० यांवर जे छायाचित्र मिळते, ते एफ/५.६ला मिळवायचे तर शटर १/३० सेकंदावर आणावे लागते किंवा आयएसओ १२८०० पर्यंत चढवावा लागतो. १/३० सेकंदात आरती ओवाळणारा हात स्थिर येत नाही. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

लांब पल्ला गेला तर काय गमावशील, याचाही विचार केला पाहिजे. तुझ्या कॅमेऱ्याचे छायाचित्र २४ मेगापिक्सेलचे असते. मी पुढे सुचवणार आहे त्या लेन्सने ७० मिलीमीटरला घेतलेले छायाचित्र कापून १३५ मिलीमीटरइतकी चौकट केली, तर सुमारे ६ मेगापिक्सेल उरतात, आणि तेवढ्यात ८ x १२ इंचांची चांगली प्रत निघते. अंतराची उणीव अशी काही अंशी भरून काढता येते, पण लेन्समधून आत न आलेला प्रकाश नंतर कोठून आणणार? भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी १३५ मिलीमीटरही अपुरेच पडतात. तो छंद लागला तर त्याची लेन्स स्वतंत्रच घ्यावी लागेल, त्यामुळे आजच्या निवडीत पक्ष्यांना जागा देऊ नकोस.

तेव्हा तुझ्यासाठी दोनच लेन्स विचारात घ्याव्यात, असे मला वाटते: टॅमरॉनची १७-७० मिलीमीटर आणि सिग्माची १८-५० मिलीमीटर. दोन्हींचे अ‍ॅपर्चर सर्व फोकल लेंग्थला एफ/२.८ राहते. सिग्मा सुमारे २९० ग्रॅमची आहे, टॅमरॉन ५२५ ग्रॅमची, आणि राजगडाच्या चढावर हा फरक खांद्याला नक्कीच जाणवतो. मात्र सिग्मात स्थिरीकरण नाही आणि तुझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही ते नाही. वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात तिवई न लावता कोरीव खांब टिपायचा असेल, तर टॅमरॉनमधली स्थिरीकरणाची सोय फार मोलाची ठरते. वाड्याच्या चौकात मागे सरकायला जागा नसते, तेथे १७ आणि १८ मधला एक मिलीमीटरही उपयोगी पडतो. शिवाय तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ मिलीमीटर फिल्मच्या आकाराच्या सेन्सरपेक्षा, दीडपट लहान (क्रॉप) असल्यामुळे ७० मिलीमीटरला फुल फ्रेमवरच्या १०५ मिलीमीटरइतकी चौकट मिळते, आणि समारंभात आजीला किंवा एखाद्या लाजऱ्या मुलाला न बिचकवता थोडे दूर उभे राहून चेहरा टिपायला ती फार चांगली असते.

सिग्माची एक खुबी मात्र मान्य केली पाहिजे. १८ मिलीमीटरला ती सेन्सरपासून १२.१ सेंटीमीटरपर्यंत जवळचे टिपते, म्हणजे विषय पुढच्या काचेपासून जेमतेम तीन सेंटीमीटरवर येतो. कासच्या पठारावर वाटेलगत सीतेची आसवं फुललेली असतील, तर फूलही मोठे दिसेल आणि मागचा सडा व ढगही चौकटीत येतील, असे छायाचित्र तिने घेता येते. फक्त हूड (लेन्सच्या तोंडावरचे ऊन अडवणारे कडे) काढून ठेवावे लागते, नाहीतर त्याचीच सावली फुलावर पडते. फुले हा तुझा मुख्य विषय असता, तर मी सिग्माच सुचवली असती. तुझ्या पत्रात माणसे आणि वाडे अधिक आहेत, म्हणून माझे मत टॅमरॉनच्या बाजूने पडते. तिच्या रचनेत ओलावा आत शिरू नये याची काळजी घेतलेली आहे, पण म्हणून ती धो धो पावसात उघडी धरू नकोस. पावसाळ्यात कोणतीही लेन्स कपाटातल्या बंद पिशवीत पडून राहिली की तिच्यावर बुरशी धरते; हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, आणि अधूनमधून ते वाळवत जा.

विकत घेण्यापूर्वी टॅमरॉन दोन दिवसांसाठी भाड्याने आण. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. भाड्याने आणशील ते दिवस घरात काही कार्य असेल असे पाहून ठरव, आणि पहिल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत ती गळ्यात घालून वावर, कारण वजन सोसते की नाही हे दुकानात कळत नाही. वजन जड वाटलेच, तर निःशंकपणे सिग्मा घे. जुनी लेन्स स्वस्तात मिळत असेल, तर मागून टॉर्च मारून आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहा. दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नकोस. नवी घेणार असशील तर भारतातली वॉरंटी आणि पक्के बिल यांचा आग्रह धर.

फसलेल्या छायाचित्रांची मोजणी झाली की आकडे मला कळव. अंधारापेक्षा अंतरामुळे फसलेली छायाचित्रे खरोखरच जास्त निघाली, तर १८-१३५चा आपण पुन्हा विचार करू.

तुझा हितचिंतक