लाकडी सर्फबोर्ड वापरण्याचे खरोखर काही फायदे आहेत, की तो केवळ दिसायला सुंदर असतो?

सुंदर तर तो दिसतोच; पण मी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर फोमचे आणि लाकडी असे दोन्ही बोर्ड वापरतो आणि लाकडी बोर्डाचे जे वजन एरवी दोष म्हणून सांगितले जाते, तेच मला त्याचे बलस्थान वाटते. पोकळ लाकडी लाँगबोर्ड त्याच मापाच्या फोमच्या बोर्डापेक्षा सहसा जड भरतो, त्यामुळे पॅडल करताना, म्हणजे बोर्डावर पालथे पडून हातांनी पाणी मागे सारताना, सुरुवातीला हातांना जास्त जोर लावावा लागतो. मात्र एकदा वेग धरला की तो सहजासहजी ओसरत नाही. लाट मध्येच सपाट झाली की हलका बोर्ड रेंगाळतो, तर लाकडी बोर्ड तेवढा टप्पा ओलांडून पुढच्या उतारापर्यंत पोहोचतो. वाऱ्याने पाणी खडबडीत झाले असताना तळाला बसणारे हादरेही लाकडात बरेचसे जिरतात.

दुसरा फायदा टिकाऊपणाचा. फोमच्या बोर्डावर जिथे टाच टेकते तिथे काही काळातच खळगे पडतात. लाकडी पृष्ठभागावर असे खळगे सहसा पडत नाहीत. आत फासळ्यांचा सांगाडा आणि वर पातळ पट्ट्या ही पोकळ बोर्डाची रचना रुजवण्याचे श्रेय अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक यांना जाते. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या हवाईयन फळ्यांचा अभ्यास करून त्यांनी पोकळ बोर्ड घडवला आणि १९३२ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले.

हवाईची ‘अलाया’ ही पातळ, बिनफिनची (म्हणजे तळाला दिशा धरून ठेवणारे पाते नसलेली) फळी हा अगदी वेगळा अनुभव आहे. फिनचा अडथळा नसल्याने ती विलक्षण वेगाने घसरते आणि लाटेच्या भिंतीला केवळ तिची कड धरून राहते. क्वीन्सलँडमधल्याच नूसा येथील बोर्ड घडवणारे टॉम वेगेनर यांनी ती पॉलोनियाच्या लाकडात पुन्हा घडवली. हे लाकूड हलके असून खारे पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे फायबरग्लासऐवजी जवसाच्या तेलाचा हात दिला तरी भागते.

पर्यावरणाच्या फायद्याबद्दल मात्र जरा सबुरीने बोलावे, कारण बहुतेक पोकळ लाकडी बोर्डांवरही फायबरग्लास आणि इपॉक्सीचा थर असतोच; तो बोर्ड अनेक वर्षे वापरला तरच त्या दाव्याला अर्थ उरतो.

आपण नवशिके असाल तर आधी मऊ फोमच्या बोर्डावरच शिकावे, कारण जड बोर्ड डोक्यावर आदळला तर गंभीर दुखापत होऊ शकते. शिवाय अलाया माणसाला जेमतेम तोलून धरते. झटपट वळणे घ्यायची असतील तरीही फोमच बरा. लांब, संथ लाटांसाठी लाकडी बोर्ड घ्यायचे ठरवलेच, तर हवा सोडण्याच्या छिद्राचे बूच नीट बसते का ते पाहून घ्या: उन्हात ठेवताना आणि विमानातून नेताना ते उघडे ठेवावे लागते, नाहीतर आतली हवा प्रसरण पावून सांधे उकलतात, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी ते आठवणीने घट्ट बंद करावे लागते.