वजन उतरलं आणि गाल बसले: चरबी नेमकी करते काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरात बारा किलो वजन उतरवलं, शुगर आटोक्यात आली, पण आता जो तो "आजारी होतीस का गं?" म्हणून विचारतो. आणि मैत्रीण म्हणते की त्वचेखालची चरबी परत आणणारं क्रीम मिळतं. क्रीमचं आधीच सांगून टाकते, घेऊ नका. बाकीचं जरा सविस्तर लिहिते, कारण वरच्या प्रतिसादांत "चरबी गेली ना, मग सुटलात" असा जो सूर लागलाय, तो मला पटत नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्वचेच्या स्लाइड्स बघते. नेहमीच्या स्लाइडवर चरबीची पेशी म्हणजे चक्क पांढरं भोक दिसतं. तुकडा मेणात बसवण्याआधी अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, त्यात पेशीतलं तेल विरघळून निघून जातं. उरते ती बारीक कड आणि कडेला चेपून बसलेलं केंद्रक. शिकाऊ मुलं हा भाग भराभर पुढे सरकवतात, "इथे काही नाही मॅडम" म्हणून. खरं सांगायचं तर संशोधकांनीही बरीच वर्षं या चरबीला नुसतं भरताड सामानच मानलं.

पण ती कामाची आहे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात रिचर्ड गॅलो यांच्या गटाने २०१५ साली उंदरांवर दाखवलं की त्वचेत स्टॅफ जिवाणू घुसले की तिथल्या चरबीच्या पेशी भराभर वाढतात आणि कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन सोडतात. पुढच्या कामात त्याच गटाला वयाचा धागा सापडला. त्वचेतले काही फायब्रोब्लास्ट (त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन हे प्रथिन बनवणाऱ्या पेशी) गरज पडली की चरबीच्या पेशी बनू शकतात. तान्ह्या वयात ही क्षमता भरपूर असते आणि वाढत्या वयात ती ओसरते. त्याला कारण टीजीएफ-बीटा नावाचा संदेश देणारा रेणू. उंदरांत तो अडवला तर क्षमता बरीचशी परत आली. मात्र हाच रेणू शरीरात इतर शंभर कामं करतो, त्यामुळे "टीजीएफ अडवणारं" म्हणून कोणी काही विकायला आलं तर दारातूनच वाटेला लावा.

उन्हाचाही इथे हात आहे, आणि तो गमतीशीर आहे. अतिनील किरणं चरबीच्या थरापर्यंत पोचतच नाहीत. तरी कोरियातल्या संशोधकांना वयस्कर माणसांच्या उघड्या त्वचेखालच्या चरबीत, त्यांच्याच कपड्याखाली झाकलेल्या भागापेक्षा, तेलाचा साठा कमी आढळला. वरचे थर उन्हाने भाजले की इंटरल्युकिन-६ सारखे संदेश खाली पाठवतात आणि चरबीच्या पेशी तेल साठवणं कमी करतात. म्हणजे सनस्क्रीन फक्त काळं न पडण्यासाठी लावायचं नसतं. स्कूटरवर रोज जाणाऱ्यांनी तर नाहीच चुकवायचं.

आता कोणी म्हणेल, मग जाड राहिलेलंच बरं! तसंही नाही. पेशी फुगून मोठ्या झाल्या की त्यातून मोकळी फॅटी आम्लं जास्त बाहेर पडतात आणि शेजारचे फायब्रोब्लास्ट कोलॅजन आणि त्वचेला लवचिक ठेवणारं इलास्टिन कमी बनवतात. जपानी संशोधकांनी हे प्रयोगशाळेत पेशी वाढवून तपासलं आहे. म्हणून स्थूल माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुती कमी दिसली तरी त्वचेचा ताण ढिलाच असू शकतो. वजन उतरलं की हे झाकलेलं उघडं पडतं. तुमचं बहुधा तेच झालंय. बारा किलोंनी तुम्हाला म्हातारं केलेलं नाही.

चेहऱ्याचीच गोष्ट घ्यायची तर तिथली चरबी एकसंध थर नाही. डॅलसमधले प्लास्टिक सर्जन रॉड रोहरिच आणि जोएल पेसा यांनी शवांच्या गालांत रंग टोचून पाहिला, तर तो सगळीकडे न पसरता वेगवेगळ्या कप्प्यांत अडकून राहिला. त्यांचा हा अभ्यास २००७ चा. हे कप्पे एकाच वेगाने रिकामे होत नाहीत. गालाचा खोल कप्पा ओसरतो, वरचा आधाराविना खाली येतो, आणि नाकाच्या कडेची घडी ठळक होते.

नुसती चरबी गेली तर काय होतं, हे आपल्याकडे एचआयव्हीच्या जुन्या रुग्णांत दिसलं. स्टॅव्ह्युडिन हे तेव्हाचं स्वस्त औषध. त्याने जीव वाचले, पण गालाची चरबी झडून तिशीतला माणूस पन्नाशीचा दिसायचा आणि लोक चेहऱ्यावरून आजार ओळखायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, त्यात चरबीचा हा ऱ्हासही एक कारण होता.

आता तुमच्यापुरतं. वजन आणखी उतरवायचं असेल तर सावकाश, आणि जेवणात डाळी, दही, अंडी, खात असाल तर मासे वाढवा. वजन स्थिर झाल्यावर सहा महिने तरी चेहऱ्याचं काही करू नका, तो हळूहळू सावरतो. तरी खटकलंच तर फिलर (गालात भर घालणारं इंजेक्शन) किंवा स्वतःचीच चरबी टोचणं हे मार्ग आहेत, पण त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच. पार्लरमध्ये अजिबात नको. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते. आणि शुगरचं औषध चेहऱ्यासाठी परस्पर बंद करू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच. चेहऱ्याला तूप चोळायचंय? खुशाल चोळा, कोरडेपणा कमी होईल. खाली गालात मात्र त्यातलं काही उतरणार नाही.